वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती दिवसांनी पोहोचते?

एका टीम लीडचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नऊ जणांची टीम सहा महिन्यांपूर्वी हाती आली. मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि मीटिंग संपली की दोघा-तिघांच्या घोळक्यात खरी चर्चा सुरू होते. काम अडलंय हे डेडलाइनच्या आदल्या संध्याकाळी कळतं. एक सहल झाली, दोनदा एकत्र जेवण झालं, सगळे हसले-खेळले, पण सोमवारी पुन्हा तेच. अशा टीममध्ये विश्वास कसा निर्माण करायचा?

सहलीचा उपयोग का झाला नाही ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं होईल. १९९५ साली मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तीन संशोधकांनी कामाच्या ठिकाणच्या विश्वासाची एक मांडणी केली. रोजच्या वापरात ती आजही उत्तम चालते. समोरच्यावर विसंबायचं की नाही हे ठरवताना माणूस तीन गोष्टी तपासतो: याला हे काम जमतं का, याला माझं भलं व्हावं असं वाटतं का आणि हा बोलतो तसा वागतो का. म्हणजे क्षमता, आपुलकी आणि सचोटी. यातली एक कमी पडली की बाकीच्या दोन वाढवून तिची भरपाई होत नाही. सहलीने ओळख वाढते, फार तर थोडी आपुलकी वाढते. पण ‘अडचण सांगितली तर माझं काय होईल’ या प्रश्नाचं उत्तर सहलीत मिळत नाही. ते ऑफिसातच मिळतं, तेही कोणी अडचण सांगितल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात.

गप्प बसणाऱ्या माणसाचा हिशेब अगदी सरळ असतो. बोलण्याची किंमत त्याला आज, एकट्याला मोजावी लागते. फायदा झाला तर तो महिन्याभराने होतो आणि सगळ्यांमध्ये वाटला जातो. त्यामुळे ‘मोकळेपणाने बोला’ असं दहा वेळा सांगून काही होत नाही. किंमत कमी करावी लागते आणि ती कमी झाल्याचं लोकांना दिसावं लागतं.

आधी मोजमाप

काही सुरू करण्याआधी एक काम करा. गेल्या तीन महिन्यांतल्या पाच-सहा मोठ्या अडचणी कागदावर लिहा आणि प्रत्येकीसमोर दोन तारखा टाका. टीममधल्या कोणाच्या तरी ते पहिल्यांदा लक्षात आलं ती एक, आणि तुम्हाला कळलं ती दुसरी. दोन तारखांमधलं अंतर हे तुमच्या टीममधल्या विश्वासाचं सध्याचं माप. ‘तुम्हाला टीममध्ये सुरक्षित वाटतं का?’ असल्या प्रश्नावलीपेक्षा ते खरं असतं, कारण ज्या टीममध्ये लोक घाबरतात तिथे प्रश्नावलीतही सगळे पाचपैकी चारच्या वर गुण देतात.

पहिली तारीख काढताना मात्र जपून. अडचण चालू असताना विचारू नका, ती निस्तरल्यावर विचारा. ‘हे कोणाला माहीत होतं?’ असंही विचारू नका. ‘याची पहिली चाहूल साधारण कधी लागली होती?’ असं विचारलं तर तारीख मिळते, नाव बाहेर यावं लागत नाही. अंतर दोन-तीन दिवसांचं असेल तर तुमची टीम ठीक आहे, थोडी शिस्त लावली की पुरे. दोन-तीन आठवड्यांचं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एक इशारा. सुधारणा सुरू झाली की अडचणींची संख्या वाढल्यासारखी दिसेल. संशोधक एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम आणि औषध देण्यातल्या चुका यांचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. अपेक्षा उलटी होती. कारण शोधल्यावर दिसलं की त्या टीम चुकांबद्दल बोलत होत्या आणि बाकीच्या लपवत होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतल्या ५१ टीमवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘सायकॉलॉजिकल सेफ्टी’ (बोललं तर आपल्याला त्याची शिक्षा होणार नाही हा भरवसा) हा शब्द टीमच्या संदर्भात रूढ झाला. गूगलने २०१२ मध्ये आपल्याच सुमारे १८० टीम तपासायला घेतल्या, तेव्हा टीम चांगली चालण्यामागच्या पाच कारणांत हेच पहिलं आलं. तेव्हा तुमच्या वरिष्ठांना आधीच सांगून ठेवा: ‘पुढचे दोन महिने माझ्याकडून जास्त अडचणी ऐकायला मिळतील. त्या आधीही होत्या, फक्त आता लवकर कळतील.’ हे न सांगता सुरुवात केलीत तर तिसऱ्या आठवड्यात वरून विचारणा होईल आणि तुम्हीच बिचकाल.

पहिलं मिनिट

समजा मंगळवारी दुपारी एक जण तुमच्या टेबलाशी येऊन म्हणतो, ‘सर, शुक्रवारचं काम शुक्रवारी होणार नाही.’ तोंडातून पहिलं वाक्य येतं, ‘आधी का नाही सांगितलंस?’ प्रश्न रास्त आहे, पण वेळ चुकली. तो आधी न सांगितल्याची शिक्षा आत्ता सांगितल्याबद्दल भोगतोय आणि आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोक ते ऐकतायत. पुढच्या वेळी तो गुरुवारी संध्याकाळी सांगेल किंवा मेल टाकून घरी जाईल.

त्याऐवजी क्रम असा ठेवा. आधी एक वाक्य पोच देणारं: ‘मंगळवारीच सांगितलंस, तीन दिवस हातात आहेत, बरं झालं.’ नुसतं ‘थँक्स’ पुरत नाही, सांगितल्याने नेमका काय फायदा झाला ते शब्दांत आलं पाहिजे. मग परिस्थिती: काय झालंय, काय अजून होऊ शकतं, कोणाकोणाला झळ बसेल. मग ‘तुला माझ्याकडून काय हवंय?’ आणि शेवटी ‘आपण परत कधी बोलायचं?’, तेही वेळेसकट, म्हणजे ‘उद्या साडेअकराला’. ‘का झालं?’ हा प्रश्न आज नको, तो दोन-तीन दिवसांनी डोकं शांत झाल्यावर.

शब्द बरोबर असूनही तीन गोष्टी घोळ करतात. पहिली, चेहरा. सुस्कारा टाकणं, लॅपटॉपवरून नजर न हलवणं, कपाळावर हात मारणं हे सगळं वाचलं जातं. हातातलं काम ठेवा आणि त्याच्याकडे वळून बसा. दुसरी, काम लगेच स्वतःच्या ताब्यात घेणं. ‘ठीक आहे, दे इकडे, मी बघतो’ हे मदतीसारखं दिसतं, पण ऐकणाऱ्याला ते ‘तुझ्याच्याने होणार नाही’ असं ऐकू येतं. त्याने मागितली तेवढीच मदत द्या. तिसरी सर्वांत घातक: वरच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव घेऊन ती बातमी सांगणं. वर सांगताना ‘आमच्या टीमकडून हा भाग दोन दिवस उशिरा येईल’ एवढंच म्हणा. नाव एकदा बाहेर गेलं की ते टीमला कळतंच आणि तुमची वर्षभराची मेहनत वाया जाते.

टोयोटाच्या कारखान्यात कामगाराच्या डोक्यावर अँडन कॉर्ड नावाची दोरी असायची, आता बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी बटण आहे. काही खटकलं तर ती ओढायची. बाहेरच्यांना वाटतं की दोरी ओढली की लगेच सगळी लाइन थांबते. प्रत्यक्षात आधी टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या जागेपर्यंत गाडी सरकेस्तोवर अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही सुटली तरच थांबते. लोक ती दोरी ओढायला कचरत नाहीत, कारण ओढल्यावर मदत येते हे त्यांनी रोज पाहिलेलं असतं. पहिल्या मिनिटात तुम्ही हेच दाखवत असता.

आणि एखाद्या दिवशी तोल गेलाच, ओरडलात, तर त्याच दिवशी दुरुस्त करा. चार लोकांसमोर ओरडला असाल तर त्याच चार लोकांसमोर म्हणा, ‘सकाळी मी चढ्या आवाजात बोललो, ते चुकलं. बातमी वेळेवर आली होती.’ ‘पण ताण खूप होता’ हे शेपूट जोडू नका, त्याने माफी निष्फळ होते. केबिनमध्ये बोलावून एकट्याला सॉरी म्हणण्याने बाकीच्यांचा हिशेब बदलत नाही.

‘बघतो’ हाही शब्द देणंच आहे

सचोटी म्हटलं की लोकांना मोठाल्या नैतिक गोष्टी आठवतात. टीममध्ये ती ‘बघतो’, ‘बोलतो त्यांच्याशी’, ‘करू काहीतरी’ या वाक्यांत तपासली जाते. तुम्ही चालता चालता बोलून जाता, समोरचा मात्र वाट बघत बसतो. दोन आठवड्यांनी त्याने आठवण करायची की नाही हा पेच त्याच्यापुढे असतो. बहुतेक जण करत नाहीत, फक्त तुमच्या शब्दाची किंमत मनात एक पायरी खाली आणतात.

एक वही ठेवा किंवा फोनमधली यादी. टीममधल्या कोणालाही काहीही म्हणालात की नाव, काय म्हणालात आणि तारीख अशी एक ओळ लगेच लिहा. शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून ती यादी वाचा. झालं असेल ते कळवा. होणार नसेल तर तेही कळवा, कारणासकट: ‘नवीन मॉनिटरचं विचारलं, या तिमाहीत मंजुरी नाही. एप्रिलमध्ये परत विचारतो.’ नकार वेळेवर मिळाला तर विश्वास टिकतो, लोंबकळत ठेवलं तर जातो. पहिल्या शुक्रवारी यादीतल्या बऱ्याच ओळी तुम्ही पार विसरला होता असं दिसेल. शब्द कमी द्यायची सवय त्या यादीनेच लागते.

क्षमता, आपुलकी आणि सचोटी या तीन निकषांचा उपयोग टीममधल्या कुरबुरींसाठीही होतो. कोणी येऊन म्हणालं, ‘माझा त्याच्यावर विश्वास नाही,’ तर तिथेच थांबू नका. त्याला काम जमत नाही असं वाटतं, की तो स्वतःपुरतं बघतो असं वाटतं, की तो सांगतो एक आणि करतो एक? जमत नसेल तर शिकवणं आणि कामाची दुसऱ्याकडून तपासणी हा इलाज. स्वतःपुरतं बघत असेल तर बऱ्याचदा दोघांना दिलेली उद्दिष्टंच एकमेकांवर आपटत असतात. एकाला वेगासाठी शाबासकी, दुसऱ्याला अचूकतेसाठी, मग भांडण होणारच आणि ते तुम्हीच सोडवायचं आहे. तिसरा प्रकार असेल तर एकदोन नेमके प्रसंग तारखेसकट मागा आणि मगच समोरच्याशी बोला.

एकेकट्याशी बोलणं

टीममध्ये खरं काय चाललंय हे कळायला समोरासमोरच्या खासगी बैठकीला पर्याय नाही. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाला ३० मिनिटं द्या. नऊ जणांचे होतात साडेचार तास, म्हणजे आठवड्याला सव्वादोन. ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या लीडचे याच्या दुप्पट तास शेवटच्या क्षणी आग विझवण्यात जातात. बैठक पुढे ढकलावी लागली तर त्याच आठवड्यातली दुसरी वेळ लगेच द्या. रद्द करू नका. सलग दोनदा रद्द झाली की ती संपलीच असं समजा.

या अर्ध्या तासात कामाची प्रगती विचारू नका, ती दुसरीकडे कळते. ‘काही अडचण?’ या प्रश्नाला ‘नाही सर, सगळं ठीक’ हेच उत्तर येतं, कारण ‘हो’ म्हटलं तर पुढचं सगळं ओझं सांगणाऱ्यावर. अडचण आहेच असं धरून प्रश्न विचारा. ‘या पंधरा दिवसांत तुझा वेळ कशात वाया गेला?’ ‘माझ्या कोणत्या निर्णयामुळे तुझं काम वाढलं?’ ‘आपण जे करतोय त्यातलं काय बंद केलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही?’ प्रश्न विचारून झाला की गप्प बसा. दहा-बारा सेकंदांची शांतता फार जड वाटते, पण ती तुम्ही भरून काढलीत तर उत्तर येत नाही.

पहिल्या तीन-चार बैठका कोरड्या जातील. लोक छोटी गोष्ट सांगून बघतात, जसं की खुर्ची मोडलीय किंवा अमुक रिपोर्ट दोनदा भरावा लागतो. ही चाचणी असते. खुर्ची आठवड्यात बदलली तर पुढच्या वेळी मोठी गोष्ट बाहेर येते. इथेच बरेच लीड हुकतात, छोट्या तक्रारीला क्षुल्लक समजून सोडून देतात.

ऐकलेलं बाहेर कसं न्यायचं हेही पहिल्याच दिवशी ठरवा. ‘तू सांगितलेलं तुला विचारल्याशिवाय मी कुठेही वापरणार नाही. अपवाद दोनच. कोणाचा छळ होत असेल किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मला ते वर न्यावंच लागेल.’ ही मर्यादा आधी सांगितलेली असली तर नंतर कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही. आणि मीटिंगमध्ये ‘मला कोणीतरी सांगितलं की...’ हे वाक्य कधीच नको. त्यानंतरचा पूर्ण आठवडा टीम तो ‘कोणीतरी’ शोधण्यात घालवते.

मीटिंगमध्ये बोलण्याचा क्रम

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. केएलएम या डच कंपनीच्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती की समोरचं पॅन ॲमचं विमान अजून धावपट्टीवरच आहे. त्याने ती विचारलीही. कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक होता. त्याने ठामपणे शंका उडवून लावली आणि विषय तिथे संपला. अपघाताला इतरही कारणं होती, पण कनिष्ठाचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही हा धडा विमान क्षेत्राने गांभीर्याने घेतला. १९७९ मध्ये नासाने यावर कार्यशाळा घेतली, १९८१ पासून युनायटेड एअरलाइन्सने वैमानिकांना तसं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली आणि पुढे ते जगभर पसरलं. प्रशिक्षण दोघांनाही असतं. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत, गरज पडली तर परत कशी मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकल्यावर काय करायचं. आपण ऑफिसात यातलं पहिलं अर्धंच करतो, ‘बोलायला शिका’ म्हणतो.

तुमच्या टीमपुरता नियम असा करता येईल: एक ठरलेलं वाक्य असू द्या, उदाहरणार्थ ‘थांबा, मला हे धोक्याचं वाटतंय’. ते कोणीही म्हटलं, अगदी परवा रुजू झालेल्याने, तरी शंका समजून घेईपर्यंत निर्णय पुढे जाणार नाही. शंका चुकीची निघाली तरी म्हणणाऱ्याला ऐकवायचं नाही. पहिल्यांदा ते वापरलं जाईल तेव्हा शंका बहुधा किरकोळच असेल आणि मीटिंग दहा मिनिटं लांबेल. ती दहा मिनिटं आनंदाने द्या, सगळी टीम तेव्हा तुमच्याकडे बघत असते.

तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. लीडने मत दिल्यावर ‘बाकीच्यांना काय वाटतं?’ विचारणं म्हणजे संमती गोळा करणं. महत्त्वाच्या निर्णयाआधी पाच मिनिटं सगळ्यांनी शांतपणे आपापलं मत लिहायचं, मग सगळ्यात नव्या माणसापासून वाचायला सुरुवात करायची. ‘कोणाची हरकत?’ असं विचारू नका, ‘यात कुठे फसू शकतं, प्रत्येकाने एक सांगा’ असं विचारा. हरकत घेणं हे धाडस असतं, सगळ्यांनाच दिलेलं काम असलं की धाडस लागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची प्रीमॉर्टेमची पद्धत याच तत्त्वावर चालते. काम सुरू करण्याआधी धरून चालायचं की सहा महिने झालेत आणि काम पुरतं फसलंय. मग प्रत्येकाने तीन मिनिटांत कारणं लिहायची, एका फेरीत एकेक वाचायचं, सगळी फळ्यावर घ्यायची आणि वरच्या तीन कारणांना तिथेच जबाबदार माणूस ठरवायचा. अर्ध्या तासात होतं. मीटिंगनंतरच्या घोळक्यात जे बोललं गेलं असतं त्यातलं निम्मं तरी इथे बाहेर येतं.

मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकदा तरी तोंड उघडलेलं बरं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, असा त्यात एक मुद्दा आहे. ज्याचा आवाज एकदा खोलीत घुमलाय त्याला दुसऱ्यांदा बोलणं सोपं जातं.

टीमच्या आकाराबद्दल थोडं. पाच जणांत १० जोड्या होतात, नऊ जणांत ३६, बारा जणांत ६६. छत्तीस नाती एकाच मीटिंगमध्ये बांधायचा आग्रह धरू नका. तिघा-तिघांचे गट करून त्यांना दोन-तीन आठवड्यांची, एकमेकांवाचून होणार नाहीत अशी कामं द्या आणि पुढच्या कामाला गट बदला. बरोबर काम पूर्ण केल्याने जो भरवसा येतो तो खेळ-गाण्यांनी येत नाही.

चुकीनंतरची बैठक

मोठी चूक झाली की तीन ते पाच दिवसांत एक तासाची बैठक घ्या. त्याआधी नको, जखम ताजी असते. नंतर नको, आठवणी पुसट होतात आणि ज्याची त्याची गोष्ट पक्की होऊन बसते. शक्यतो बैठक तुम्ही चालवू नका, शेजारच्या टीममधल्या कोणाला तरी विनंती करा.

पहिली वीस मिनिटं फक्त घटनाक्रम: किती वाजता काय झालं, कोणाच्या समोर काय माहिती होती. मधे कोणी ‘पण असं करायला नको होतं’ म्हणालं तर ते बाजूला लिहून ठेवा. दुसऱ्या वीस मिनिटांत एकच प्रश्न: त्या क्षणी हातात असलेल्या माहितीवर तो निर्णय योग्य का वाटला? कोणी मुद्दाम चुकत नाही. सूचना धूसर होती, दोन बटणं सारखी दिसत होती, किंवा तपासणारा माणूस त्या दिवशी तीन कामं सांभाळत होता. शेवटच्या वीस मिनिटांत फार तर तीन उपाय, प्रत्येकासमोर एक नाव आणि तारीख. ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ हा उपाय नव्हे. उपाय म्हणजे ‘बटणाचा रंग बदलणे’, ‘रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर गेली की दुसऱ्याची सही’, ‘बदल शुक्रवारी दुपारनंतर न करणे’. दहा उपाय लिहिले की एकही होत नाही आणि पुढच्या बैठकीला लोक मनाने येत नाहीत. म्हणून पुढच्या साप्ताहिक मीटिंगची पहिली पाच मिनिटं याच तीन ओळींसाठी ठेवा.

दोष न देण्याचा अर्थ काहीही खपवून घ्यायचं असा होत नाही आणि ही रेषा आधीच आखावी लागते. अमेरिकेत नासा १९७६ पासून विमान सुरक्षेच्या घटनांची नोंदयंत्रणा चालवते. दहा दिवसांत स्वतःहून नोंद केली आणि चूक नकळत झालेली असेल, तर एरवी होणाऱ्या दंडातून किंवा परवाना निलंबनातून सूट मिळू शकते. गुन्हा किंवा जाणूनबुजून केलेलं उल्लंघन त्यात बसत नाही. टीमसाठीही एवढं लिहून लावता येतं: नकळत झालेली चूक २४ तासांत सांगितली तर तिचा उल्लेख मूल्यमापनात येणार नाही. लपवली तर लपवल्याबद्दल बोलू. नियम माहीत असून मुद्दाम मोडला तर तो वेगळा विषय. हे लिहिण्याआधी तुमच्या वरिष्ठांशी आणि एचआरशी बोलून घ्या. तुमच्या हातात नसलेली माफी जाहीर करू नका.

जो काम करत नाही, आणि जो सगळ्यांना तोडून बोलतो

विश्वासाच्या नावाखाली लीड मऊ पडतात, तेव्हा टीममधले सगळ्यात चांगले लोक सगळ्यात आधी वैतागतात. एक जण सतत अर्धवट काम देत असेल आणि बाकीचे ते निस्तरत असतील, तर तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ ‘याला चालतं’ असाच घेतला जातो. बोलणं खासगीत, प्रसंगानंतर दोन दिवसांच्या आत आणि चार भागांत ठेवा. ‘सोमवार आणि बुधवार, दोन्ही दिवसांचा डेटा अपुरा होता. त्यामुळे दोघींना रात्री आठपर्यंत बसावं लागलं. काय अडलं होतं ते मला समजून घ्यायचंय. पुढच्या सोमवारपासून तो चार वाजेपर्यंत पूर्ण हवा, चारला आपण दोघं मिळून बघू.’ ‘तू नेहमीच असं करतोस’ किंवा ‘तुझा ॲटिट्यूड’ हे शब्द आले की समोरचा कामाबद्दल बोलणं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

दुसरा माणूस जास्त अवघड. कामात एक नंबर, पण मीटिंगमध्ये दुसऱ्याची खिल्ली उडवतो, प्रश्न विचारणाऱ्याला ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणतो. त्याच्यावाचून अडेल या भीतीने त्याला सांभाळून घेतलं जातं. माझं मत इथे पक्कं आहे: एवढं एकच सोडून बाकी सगळं केलंत तरी टीम तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. तो बोलला की त्याच क्षणी, सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणा, ‘प्रश्न बरोबर आहे, उत्तर मिळू दे.’ नंतर एकट्याशी बोला, नेमकी वाक्यं सांगा, चार ते सहा आठवड्यांची मुदत द्या आणि दर आठवड्याला त्यावर बोला. त्याच काळात त्याच्या कामाची माहिती आणखी दोघांकडे जाईल अशी व्यवस्था करा, म्हणजे वेळ आलीच तर तुमचा निर्णय भीतीपोटी अडकणार नाही.

श्रेयाचंही बघा. वर जाणाऱ्या मेलमध्ये काम करणाऱ्याचं नाव आणि त्याने नेमकं काय केलं, हे एका ओळीत लिहा आणि त्याला प्रत पाठवा. लोक दूरून काम करत असतील तर याची गरज दुप्पट, कारण तिथे न दिसणारं काम कायम न दिसलेलंच राहतं. दूरच्या टीमला आणखी दोन गोष्टी लागतात: कोणत्या मेसेजला किती वेळात उत्तर अपेक्षित आहे याचा लेखी नियम, आणि निर्णय कॉलवर झाला तरी त्याच दिवशी तो लिहून ठेवणं. स्क्रीनवर पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर लावून विश्वास मागायला जाऊ नका.

कशानंतर काय

हे सगळं एकदम सुरू केलंत तर लोकांना वाटेल की कुठलंसं प्रशिक्षण करून आलेत, महिन्यात उतरेल. पहिले दोन आठवडे फक्त तारखांचं मोजमाप, शब्दांची वही आणि पहिल्या मिनिटाची सवय. यातलं काहीही टीमला जाहीर करायची गरज नाही. तिसऱ्या आठवड्यात खासगी बैठका. दुसऱ्या महिन्यात मीटिंगमधला बोलण्याचा क्रम आणि ठरलेलं वाक्य. चुकीनंतरची बैठक पहिली मोठी चूक होईल तेव्हा, पण आधी एखाद्या छोट्या चुकीवर सराव करून घ्या, शक्यतो तुमच्या स्वतःच्या निर्णयावर. तो तक्त्यावर मांडताना टीमला पद्धतही कळते आणि हत्यार त्यांच्यावर चालणार नाही हेही.

तीन महिन्यांनी पुन्हा पाच-सहा अडचणी आणि दोन तारखा लिहा. अंतर निम्म्यावर आलं असेल तर दिशा बरोबर आहे. काहीच फरक नसेल तर बातमी कुठे अडते ते शोधा. बऱ्याचदा तुमच्या आणि टीमच्या मधे एखादा ज्येष्ठ सहकारी असतो. तो ‘आधी मला सांग, मग बघू’ म्हणतो आणि चांगल्या हेतूनेच गाळून बातमी पुढे देतो. त्याला वगळू नका, पहिल्या मिनिटाची तीच पद्धत त्याला शिकवा आणि त्याने आणलेल्या वाईट बातमीलाही तसाच प्रतिसाद द्या.

अडथळा तुमच्या वर असेल, म्हणजे तुमचे वरिष्ठच बातमी आणणाऱ्याला झोडपणारे असतील, तर टीमला खोटी हमी देऊ नका. ‘माझ्यापर्यंत आलेली गोष्ट नावासकट वर जाणार नाही, एवढं माझ्या हातात आहे. बोनस आणि बढतीचा निर्णय माझ्या एकट्याच्या हातात नाही,’ असं स्पष्ट सांगा. वर बातमी नेताना सोबत दोन पर्याय आणि त्यांचा खर्च न्या, आणि झालेला उशीर टीमच्या नव्हे तर स्वतःच्या खात्यावर घ्या.